वारसाहक्काने आलेला आयआरए खऱ्या सोन्यात वळवावा का?

सुवर्णवेध
अमेरिकेत आई-वडिलांमागे मुलांच्या नावे येणारा आयआरए (निवृत्तीसाठीचं बचत खातं; इथे पारंपरिक, म्हणजे रक्कम काढताना कर लागणारं) बहुतेकदा शेअर-बाँडच्या फंडांत असतो. त्यातला थोडा हिस्सा खऱ्या सोन्यात असावा, असं माझं ठाम मत आहे. नीट केलं तर वळवताना कर लागत नाही. सोनं चालणाऱ्या कस्टोडियनकडे (खातं सांभाळणाऱ्या संस्थेकडे) वारसाचं खातं उघडायचं (खात्याच्या नावात मृत व्यक्तीचं नाव राहायलाच हवं), जुन्या कस्टोडियनकडून रक्कम थेट तिकडे पाठवायची आणि मग खरेदीचा लेखी आदेश द्यायचा. सोनं डिपॉझिटरीत, म्हणजे सोनं सांभाळणाऱ्या संस्थेच्या तिजोरीत जातं, आपल्या हातात येत नाही.

तोळामासा
‘थेट’ हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहा. साठ दिवसांत पैसे परत भरायची सवलत नवरा-बायकोला आहे, मुलांना नाही. चेक मुलाच्या नावाने निघाला की सगळी रक्कम त्याच वर्षीचं उत्पन्न धरली जाते.

पण माझा विरोध मुळातच आहे. २०२० पासूनच्या मृत्यूंना दहा वर्षांचा नियम लागतो. वडील २०२४ मध्ये गेले असतील, तर सज्ञान, धडधाकट मुलाला ३१ डिसेंबर २०३४ पर्यंत खातं रिकामं करावं लागतं. वडिलांचं सक्तीने रक्कम काढायचं वय उलटलेलं असेल, तर मधल्या वर्षांतही दरवर्षी ठरावीक रक्कम काढावीच लागते. एक औंसाचं नाणं काही तोडून देता येत नाही. काढायचं राहिलं तर कमी पडलेल्या रकमेवर २५ टक्के दंड, वेळेत सुधारलं तर १०.

सुवर्णवेध
म्हणून तर सगळं खातं सोन्यात घालू नये. वडिलांकडूनच आलेला दुसरा पारंपरिक आयआरए रोख ठेवला, तर दोन्हींची वार्षिक रक्कम त्या एकातून काढता येते. नाहीतर नाणंच घरी न्या, कर त्या दिवसाच्या बाजारभावावर.

तोळामासा
आणि तो कर भरायला रोकड कुठून आणायची? घेताना भावापेक्षा ५ टक्के जास्त दिले आणि विकताना २ टक्के कमी मिळाले, तर जवळपास ७ टक्के तिथेच गेले. शिवाय तिजोरीचं भाडं दरवर्षी. त्यापेक्षा रक्कम काढा, कर भरा आणि बाहेर सोनं घ्या. तिथे दीर्घ मुदतीच्या नफ्यावर जास्तीत जास्त २८ टक्के.

हिशेबनीस
इथे गणित चुकतंय. कराचा दर २४ टक्के धरा. आज १०० काढले तर हातात ७६. सोनं दुप्पट झालं की १५२, ७६ च्या नफ्यावर २४ टक्के गेले की उरतात १३३.७६. तेच खात्यात १०० चे २०० होतात आणि कर जाऊन १५२ उरतात. शेवटच्या वर्षी सगळं एकदम काढून कराच्या वरच्या टप्प्यात गेलात, तर मात्र हा फायदा आटतो.

आणि कुठलंही सोनं चालत नाही. बिस्किट किमान ९९.५ टक्के शुद्ध लागतं. अमेरिकन ईगल हे अमेरिकी नाणं २२ कॅरेटचं असूनही कायद्याने चालतं, तेवढ्याच शुद्धतेचं क्रुगररँड हे दक्षिण आफ्रिकेचं नाणं नाही. दागिने तर नाहीच. खात्याच्या पैशातून एलएलसी (छोटी खासगी कंपनी) काढून नाणी घरी ठेवायच्या जाहिरातींना भुलू नका. २०२१ च्या मॅकनल्टी खटल्यात टॅक्स कोर्टाने अशी नाणी खात्यातून काढलेली ठरवून कर लावला.

तोळामासा
हिशेब मान्य, पण तो सोन्याच्या ईटीएफलाही (शेअरसारखा बाजारात विकत घेता येणारा फंड) तसाच लागू होतो. तोही आयआरएत चालतो, हवा तेवढाच विकता येतो आणि खरेदी-विक्रीतली तूट नगण्य. दहा वर्षांत रिकामं करायच्या खात्यात मी नाणी घालणार नाही.

सुवर्णवेध
ईटीएफ विकून पैसे मिळतात, नाणं मिळत नाही. खातं रिकामं करताना नाणीच हातात यावीत, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती खात्यातच घ्यावीत, फक्त कराची रोकड आधी बाजूला काढून ठेवावी.