पावसाळ्यात कॉटन मॅट कागदावर प्रिंट: कडेला काळे फराटे, गडद भागात पांढरे ठिपके

प्रश्न | रापण_आणि_रेती

नमस्कार मंडळी. ए-२ पिगमेंट प्रिंटरवर १०० टक्के कॉटनच्या ३०८ जीएसएम मॅट कागदावर कृष्णधवल फोटो छापतोय. विषय कोकण किनाऱ्यावरची रापण (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून केलेली मासेमारी), त्यामुळे गडद आकाश आणि ओली वाळू भरपूर. तीन अडचणी आहेत.

कागदाच्या पुढच्या कडेपासून दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत आणि कोपऱ्यांवर काळे फराटे उमटतात. गडद आकाशात टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसतात. प्रिंट बाहेर येते तेव्हा ते नसतात, हाताळल्यावर दिसू लागतात. आणि काळा रंग राखाडीकडे झुकतो. नोझल चेक (शाईची छिद्रं तपासणारी चाचणी) स्वच्छ आहे. खोलीतली आर्द्रता ७८ ते ८० टक्के. कागद बदलून बॅराइटा (बेरियम सल्फेटच्या थराचा, किंचित चमकदार कागद) घ्यावा का?

उत्तर १ | शाई_सुकेपर्यंत

कागद बदलायची घाई नको. फराट्यांचं मूळ त्या ८० टक्क्यांत आहे.

कॉटन हवेतला ओलावा ओढून घेतं. गठ्ठ्यातल्या शीटच्या फक्त कडा हवेला उघड्या असतात, म्हणून त्या आधी फुगतात; मधला भाग तसाच राहतो आणि कड लाटेसारखी होते. कागद मुळातच अर्धा मिलिमीटर जाड आणि हेड (शाई फवारणारा भाग) त्याच्यावरून जेमतेम एक-दोन मिलिमीटर अंतरावरून धावतं. लाट तेवढी उठली की हेड घासतं आणि हेडच्या तळाची शाई कागदावर पुसली जाते. हे वारंवार झालं तर नोझलमध्ये तंतू अडकतात, म्हणून फराटा दिसला की उरलेल्या प्रती तशाच रेटू नका.

आधी खोली सुधारा. एसी ड्राय मोडवर किंवा डिह्युमिडिफायर लावून आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांवर आणा आणि छपाई संपेपर्यंत तिथेच ठेवा. साधा डिजिटल हायग्रोमीटर प्रिंटरशेजारीच असावा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नको. लाट आलेल्या शीट सुट्या करून त्याच खोलीत काही तास पसरा, मग दोन सपाट बोर्डांमध्ये रात्रभर वजनाखाली ठेवा. नवं पाकीट त्या खोलीत एक दिवस बंदच राहू द्या. छपाईनंतर उरलेला कागद मूळ प्लास्टिक पिशवीत, आडवा. सिलिका जेलची एखादी पुडी चालेल, पण पुड्यांचा ढीग नको. हवा ३५ टक्क्यांच्या खाली गेली की कागद उलट वळतो आणि कोटिंग ठिसूळ होतं.

मग ड्रायव्हर, म्हणजे संगणकावरची प्रिंटरची सेटिंग्ज. कागदाची जाडी खरी भरा आणि प्लॅटन गॅप (हेड आणि कागदाखालच्या पाटामधलं अंतर) एक पायरी वाढवा. गॅप वाढली की थेंब लांबून पडतात, बारीक रेषा किंचित मऊ होतात. त्यावर उपाय म्हणजे हाय स्पीड बंद करणं, म्हणजे हेड एकाच दिशेने छापतं, आणि त्या जाडीवर हेड अलाइनमेंट पुन्हा करणं. जाड कागद एकेकच घाला. तुमच्या प्रिंटरला फाइन आर्टसाठी वेगळा सरळ मार्ग असेल तर तोच वापरा. मागच्या फीडरमध्ये कागद वाकतो.

समासही मोठा ठेवा. काही प्रिंटर फाइन आर्ट मीडिया निवडल्यावर वर-खाली २५-३० मिमी सक्तीने सोडतात ते याच कारणासाठी. पुढची आणि मागची कड रोलरच्या पकडीत पूर्ण नसते. ए-२ म्हणजे ४२० × ५९४ मिमी. वर-खाली ३० मिमी सोडले तर २:३ चा फोटो ३५६ × ५३४ मिमी बसतो आणि बाजूंना ३२ मिमी उरतात. माउंटच्या खाली घ्यायला हा समास लागतोच.

उत्तर २ | चाचणीपट्टी

ठिपक्यांबद्दल. कॉटन कागद कापताना कडेला सुटे तंतू आणि कोटिंगची पूड राहते, ती पृष्ठभागावर बसते. शाई त्या कणावर पडते, नंतर कण गळतो आणि खालचा कोरा कागद उघडा पडतो. म्हणून ठिपका उशिरा दिसतो.

शीट उभी धरा, कड टेबलावर हलकेच दोनदा आपटा, मग रुंद मऊ केसांच्या ब्रशने वरून खाली एकाच दिशेने झाडा. हे प्रिंटरपासून लांब करा, नाहीतर ती पूड आतच जाईल. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचा बारीक थेंबही कोटिंगवर डाग पाडतो. मायक्रोफायबर कापडही नको, घासलं की मॅट कोटिंग चमकतं. पडलेला ठिपका झाकायचा असेल तर पातळ केलेली पिगमेंट शाई ०००० नंबरच्या ब्रशच्या टोकाने टेकवा, ओढू नका.

उचलताना शीट समोरासमोरच्या कोपऱ्यांनी धरा, म्हणजे मधे सैल झोळ पडतो. एका हाताने कडेला धरून उचललीत तर अंगठ्याजवळ नखासारखी चंद्रकोर उमटते आणि ती दाबून जात नाही. सुती हातमोजे हवेतच.

काळ्याबद्दल: मीडिया टाइप कोणता निवडलाय? प्रोफाइल (त्या कागदासाठीची रंगांची फाइल) कुठली? कागदाची बाजू तपासलीत का?

रापण_आणि_रेती

मीडिया टाइपला ग्लॉसी फोटो पेपर. प्रोफाइल कागद कंपनीची, फोटोशॉपमधून. बाजू ओळखायची कशी?

उत्तर ३ | चाचणीपट्टी

मग सापडलं. ग्लॉसी निवडलं की प्रिंटर फोटो ब्लॅक वापरतो. मॅट कागदाला मॅट ब्लॅक लागते. फोटो ब्लॅक त्यावर फिकीच दिसणार. उलट चूक, म्हणजे बॅराइटावर मॅट ब्लॅक, तर बोटाने पुसली जाते. प्रोफाइलसोबत कागद कंपनी जी सूचना देते, तिच्यात कोणता मीडिया टाइप निवडायचा ते लिहिलेलं असतं. अगदी तोच निवडा, कारण प्रोफाइल त्या शाईप्रमाणावर बेतलेली असते. फोटोशॉप रंग सांभाळत असेल तर ड्रायव्हरचं कलर मॅनेजमेंट बंद हवं. दोन्ही चालू राहिले तर रंग दोनदा फिरतात.

बाजू: ओलसर बोट कोपऱ्यावर टेकवा. चिकटेल ती कोटिंगची बाजू.

एवढं करूनही मॅटचा काळा स्क्रीनइतका खोल येणार नाही. चांगल्या कॉटन मॅटवर काळ्याची घनता (आकडा जितका मोठा तितका काळा गडद) साधारण १.६ ते १.७ पर्यंत जाते, बॅराइटावर २.३ च्या आसपास किंवा वर. म्हणून फोटोशॉपच्या ०-२५५ मापात (० म्हणजे पूर्ण काळा) ० पासून ४० पर्यंत पाच-पाचच्या राखाडी चौकोनांची पट्टी आधी छापा, ती सुकू द्या आणि कुठला चौकोन शेजाऱ्यापासून वेगळा दिसतो ते पाहा. १५ च्या खालचं सगळं एक झालं असेल तर ओल्या वाळूचा तपशील कर्व्हने त्याच्या वर उचला. एप्सनच्या ड्रायव्हरमधला ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट मोडही करून बघा. त्यात मुख्यतः काळ्या-राखाडी शाया वापरल्या जातात, त्यामुळे हिरवट-जांभळी झाक कमी येते.

उत्तर ४ | शाई_सुकेपर्यंत

बॅराइटाचं म्हणाल तर फोटो कसा टांगणार ते आधी ठरवा. साध्या काचेमागे काचेचंच प्रतिबिंब काळ्यावर चढतं आणि दोन्ही कागदांतला काळ्याचा फरक बराच मिटतो. काचेशिवाय टांगायचं, किंवा महाग अपरावर्ती काच परवडत असेल, तर हानेम्यूलेचा फोटो रॅग बॅराइटा ३१५ किंवा कॅन्सनचा प्लॅटिन फायबर रॅग ३१० घ्या. धुकं, राखाडी समुद्र, मऊ प्रकाश असेल तर माझं मत स्पष्टपणे मॅटकडे. विल्यम टर्नरसारखा खरखरीत कागद मात्र या मालिकेला नको, रापणीच्या जाळीची बारीक वीण त्या पोतात हरवेल.

पांढरेपणाला भुलू नका. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च अंधारात कागदावर मारा. निळसर चमकला तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दाखवणारी रसायनं) आहेत. ते वर्षागणिक निकामी होतात आणि कागद पिवळट दिसू लागतो. कॅन्सनच्या रॅग फोटोग्राफिकमध्ये ते नाहीत.

सुटे_पान

याच धाग्यात विचारतो: पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी मिळणारा, चिंध्यांपासून केलेला कागद चालेल का? तोही कॉटनच ना?

उत्तर ५ | चाचणीपट्टी

कॉटन आहे, पण इंकजेट कोटिंग नाही. शाई तंतूंच्या आत मुरते, कडा पसरतात, काळा मातकट येतो आणि प्रोफाइलही तयार मिळत नाही. सुटे तंतू हेडला वाईट, आणि हाताने केलेल्या शीटची जाडी एकाच शीटमध्ये कमी-जास्त असते. इंकजेटसाठीचं प्रीकोट द्रावण लावून, वजनाखाली सपाट करून, प्लॅटन गॅप सर्वांत जास्त ठेवून छापता येतं. महागड्या ए-२ प्रिंटरमध्ये मी ते घालू देणार नाही.

@रापण_आणि_रेती, फ्रेम करण्याआधी प्रिंट किमान २४ तास फ्रेमबाहेर सुकवा, पावसाळ्यात दोन-तीन दिवस. शाईतले ग्लायकोल हळूहळू बाहेर पडतात. लगेच काचेमागे घातलीत तर काचेच्या आतल्या बाजूला धूसर थर धरतो. पहिल्या काही तासांनंतर वर साधा कोरा कागद ठेवा, तो ते शोषून घेतो, आणि भिजट वाटला की बदला. फ्रेमवाल्याला माउंट आम्लरहित लागेल आणि प्रिंट काचेला टेकता कामा नये हे आधीच सांगा. मागून सेलोटेप नको: वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने, आणि खालची कड मोकळी, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात कागदाला फुगायला जागा राहील.