दुकानातला सर्व्हर बदलायचाय. माझं मत: नवा टॉवरच घ्यावा, क्लाऊड नको, असेंबल्ड तर नकोच

गांधीबाग होलसेल

नागपूरच्या गांधीबागेत औषधांचा होलसेल आहे. चौदा कॉम्प्युटर आणि मागच्या खोलीत एक टॉवर सर्व्हर. त्यावर बिलिंगचं सॉफ्टवेअर चालतं, एसक्यूएल एक्सप्रेसवरचं (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची फुकट, छोटी आवृत्ती), आणि टॅली. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ आहे, म्हणजे १० ऑक्टोबर २०२३ पासून अपडेट बंद. आता दोनातल्या एका डिस्कचा दिवा पिवळा झालाय. संध्याकाळी गर्दीच्या वेळी बिल सेव्ह व्हायला इतका वेळ लागतो की काउंटरवरचा पोरगा तोवर खालून चहा घेऊन येतो.

तीन भाव आलेत. कंपनीचा नवा टॉवर, विंडोज आणि कॅल (सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येकामागे घ्यायचं लायसन्स) धरून अडीच लाखांच्या पुढे. क्लाऊड, म्हणजे नेटवरून वापरायचं दुसऱ्याचं मशीन, महिन्याच्या भाड्यावर. बर्डीतून असेंबल करून घेतलेलं मशीन, टॉवरच्या निम्म्याहून कमीत.

माझा कौल टॉवरला. गावातून माणूस औषध घ्यायला येतो, त्याला परतीची बस असते. नेट गेलं म्हणून बिल थांबलं तर तो शेजारच्या दुकानात जातो आणि पुढल्या वेळेपासून तिकडंच जातो. सिमेंट रोडसाठी कुठं ना कुठं खोदकाम चालूच असतं, आणि जेसीबीला फायबरची केबल बरोबर सापडते. शिवाय भाडं कधी संपत नाही, मशीनचे पैसे एकदाच जातात.

विरोधी मत खुशाल मांडा. फक्त चौदा कॉम्प्युटर आणि गांधीबाग, एवढं डोक्यात ठेवा.


मिहानवाला

मी क्लाऊडच्या बाजूनं. तुमचा सगळा हिशेब सुरळीत दिवसांचा आहे. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. चारेक तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली. तळमजल्यांत आणि बेसमेंटमध्ये काय काय बुडालं ते धरमपेठ, शंकरनगरच्या लोकांना विचारा. ज्यांचा डेटा त्याच खोलीतल्या मशीनवर आणि त्याच टेबलाच्या ड्रॉवरमधल्या पेन ड्राइव्हवर होता, त्यांनी काय करायचं?

डेटा परदेशात जाईल ही भीतीही जुनी झाली. अॅमेझॉनचं मुंबईचं केंद्र २०१६ पासून आहे, मायक्रोसॉफ्टचं पुण्याचं त्याच्या आधीपासून. नेटची धास्ती असेल तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइनी घ्या आणि वर एक फाइव्ह-जीचा राउटर. तिन्ही एकदम बंद पडायला मोठाच प्रसंग लागेल.

पैसे एकदाच जातात म्हणता. बॅटरी, डिस्क, एसी, आणि दर वेळी येणाऱ्या इंजिनिअरची व्हिजिट कोणाच्या खात्यात टाकता?


गांधीबाग होलसेल

आमच्याकडे त्या दिवशी पाणी आलं नव्हतं. पण मुद्दा मान्य, एक कॉपी दुकानाबाहेर हवी. त्यासाठी अख्खं बिलिंग भाड्याच्या मशीनवर नेण्याची गरज मला दिसत नाही. रोज रात्री बॅकअप वर चढवला की झालं. आणि बारकोड स्कॅनर, लेबलचा प्रिंटर, डॉट मॅट्रिक्स, हे सगळं रिमोट डेस्कटॉपवरून, म्हणजे दूरच्या मशीनचा स्क्रीन इथं उघडून, नीट चालवून दाखवणारा माणूस अजून भेटायचाय.


बर्डीचा पोट्टा

काऊन एवढा खर्च करून राहिले भाऊ? चौदा कॉम्प्युटरले सर्व्हर लागतेच कायले? चांगला बोर्ड, आय-सेव्हन, ३२ जीबी रॅम, दोन एसएसडी मिररमधी (एकीवर लिहिलं ते दुसरीवरही), वरतं विंडोज ११ प्रो. झालं काम. विंडोज प्रोवर वीस मशीन एकाच वेळी जोडता येतात, तुमची चौदा. कॅलची भानगड नाही. एसक्यूएल एक्सप्रेस त्याच्यावर आरामात चालते. काही जळलं तं बर्डीतून तासाभरात पार्ट आणतो मी. कंपनीवाल्याचा इंजिनिअर टोकन नंबर देते आणि उद्या येतो म्हणते.

कंपनीचा स्टिकर पाहून पैसे नका देऊ, एवढंच म्हणणं हाय आपलं.


हिंगणा फॅब

एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं युनिट आहे, असेंबल्डवर काही वर्षं काढली आहेत. पोट्ट्याचं वीसचं गणित बरोबर आहे, पण ते वीस डिव्हाइसचं आहे. नेटवर्क प्रिंटर, स्कॅन फोल्डरला जोडलेलं झेरॉक्स मशीन, मालकाचा लॅपटॉप, गोडाउनमधले दोन टॅब मोजा. वीस कधी होतात कळत नाही.

माझा खरा आक्षेप रॅमवर आहे. सर्व्हरमध्ये ईसीसी रॅम असते, एक बिट उलटला तर ती दुरुस्त करते आणि लॉगमध्ये लिहून ठेवते. साध्या रॅममध्ये बिट उलटला तर कोणाला कळतही नाही. औषधाच्या बॅच नंबरात किंवा एक्स्पायरीत असली चूक बसली तर शोधणार कुठं? रोज घडतं असं नाही, पण घडलं तर पुरावाही मागे राहत नाही.

कॅलची भानगड टाळायची तर विंडोज सर्व्हरच्या इसेन्शियल्स एडिशनचा भाव मागा. पंचवीस युजर आणि पन्नास डिव्हाइसपर्यंत कॅल लागत नाही. एकच प्रोसेसर, दहा कोरपर्यंत, आणि ती ब्रँडेड मशीनसोबतच मिळते. विक्रेते आपणहून सांगत नाहीत, कारण स्टँडर्ड किमान सोळा कोरचं घ्यावं लागतं आणि वर कॅल विकता येतात. चौदा जणांच्या दुकानाला स्टँडर्ड कशाला हवं, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही. अपवाद एकच, बरेच जण रिमोट डेस्कटॉपवर काम करणार असतील तर. मग इसेन्शियल्स बाद आणि रिमोटचे कॅल वेगळे.


डेटाबेसवाले काका

सगळे मशीनवर भांडताहेत. बिल उशिरा का सेव्ह होतं, हे कोणी विचारलंच नाही.

एसक्यूएल एक्सप्रेसला मर्यादा आहेत. डेटासाठी ती साधारण १.४ जीबी मेमरी वापरते, चार कोर वापरते, आणि २०२२ च्या आवृत्तीपर्यंत एका डेटाबेसला १० जीबीची हद्द आहे. तुम्ही ३२ घ्या नाहीतर १२८ घ्या, ती आपल्या दीड जीबीतच संसार करणार. विंडोज उरलेल्या रॅममध्ये फाइल धरून ठेवेल म्हणाल, तर तेही नाही. एसक्यूएल सर्व्हर आपल्या फाइली विंडोजच्या कॅशला वळसा घालून थेट डिस्कवरून वाचतो. म्हणजे डेटाबेस पाच-सात जीबीचा झाला की बहुतेक वेळा डिस्ककडेच जावं लागतं, आणि तुमच्याकडे डिस्क फिरणारी, त्यातली एक आजारी. म्हणून संध्याकाळी अडतं.

तेव्हा आधी डेटाबेसची फाइल किती मोठी झाली ते पाहा. ९ जीबीच्या वर असेल तर मशीनचा प्रश्न दुय्यम. १० ला पोचली की नवी नोंद घेणंच बंद होईल, बहुधा मार्चअखेरीस. सॉफ्टवेअरवाल्याला विचारा, एसक्यूएल सर्व्हर २०२५ ची एक्सप्रेस चालते का. तिथं हद्द ५० जीबी आहे. नाहीतर जुन्या वर्षांचा डेटा वेगळ्या डेटाबेसमध्ये काढा.

टॅलीचं उलट आहे. ती फाइलींवर चालते, तिला रॅमचा आणि चांगल्या नेटवर्कचा फायदा होतो. सगळे कॉम्प्युटर जोडणारा स्विच १०० एमबीपीएसचा आहे की त्याच्या दहापट वेगाचा गिगाबिट, तेही बघा. कित्येक दुकानांत दोन लाखांचा सर्व्हर आणि त्याच्या पुढं आठशे रुपयांचा जुना स्विच असतो.


गांधीबाग होलसेल

काका, पाहिलं. डेटाबेस साडेसात जीबी. स्विच १०० चाच निघाला. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, २०२५ वर अजून तपासलेलं नाही, २०२२ चालेल.

म्हणजे तुमचं म्हणणं, नुसती एसएसडी आणि स्विच बदलून जुनंच मशीन चालवायचं?


डेटाबेसवाले काका

नाही. २०१२ आर२ वर नेटला जोडलेलं दुकान चालवू नका. मे २०१७ चं वॉनाक्राय, फाइलींना कुलूप लावून पैसे मागणारं रॅन्समवेअर, विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या भोकातून पसरलं होतं, आणि पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाच्या तसल्याच व्हायरसनं न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम थांबवलं. त्या भोकाचा पॅच, म्हणजे ते बुजवणारा अपडेट, तेव्हा आधीच आलेला होता. पुढच्या भोकाचा पॅच तुमच्या मशीनला येणारच नाही. मशीन बदला, पण पैसे डिस्कवर घाला, रॅमवर नको. १६ किंवा ३२ पुरे. एसएसडी सर्व्हरच्याच घ्या, ज्यांत वीज गेली तरी अर्धवट लिहिलेलं सांभाळणारे कपॅसिटर असतात. साध्या एसएसडीवर डेटाबेस आणि गांधीबागेची वीज, ही जोडी मला पसंत नाही.


बर्डीचा पोट्टा

हे पटलं काका. पण सर्व्हरची एसएसडी माह्या असेंबल्डमधी पण लागते ना. मंग टॉवर कायले?


हिंगणा फॅब

कारण तीन वर्षांनी तू पुण्यात नोकरीला गेलेला असशील. चेष्टा नाही, आमच्या आधीच्या पोराचं तेच झालं. मशीन त्याच्या डोक्यात होतं, कागदावर काहीच नव्हतं. कंपनीच्या मशीनला सिरियल नंबर असतो, कोणताही इंजिनिअर तो टाकून पार्ट शोधू शकतो. मात्र वॉरंटी घेताना लेखी विचारा, पार्ट नागपुरात ठेवलेला असतो की बाहेरून येतो. 'नेक्स्ट बिझनेस डे'चा अर्थ त्या उत्तरावर ठरतो.


सीए धरमपेठ

नियमाचं थोडं सांगते, कारण इथं अफवा फार असतात. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज घेणं आणि तो भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक आहे; 'ठरावीक काळानं'चं 'रोज' ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीत झालं. १ एप्रिल २०२३ पासून सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉगही, म्हणजे कोणत्या नोंदीत कधी काय बदललं याची नोंद, हवा आणि तो बंद करता येता कामा नये. प्रोप्रायटरशिप किंवा भागीदारी असेल तर कंपनी कायद्याचं हे लागू नाही. जीएसटीच्या नोंदी मात्र वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायच्याच. नवं मशीन आलं म्हणून जुनी टॅली आणि जुना डेटा उडवू नका. नोटीस बरोबर त्याच वर्षाची येते.

क्लाऊड की टॉवर, यावर माझं मत नाही. क्लायंटकडे गेल्यावर मला लेजर उघडून मिळालं म्हणजे झालं.


मिहानवाला

नियमाप्रमाणे रोजचा बॅकअप, म्हणजे तुम्ही अर्धे क्लाऊडवर आलातच :) उरलेल्या अर्ध्यासाठी विचारतो, सर्व्हर ठेवलाय कुठं? टॉवर सर्व्हर सहसा ३५ अंशांपर्यंत चालवायचे म्हणून बनवलेले असतात. नागपूरचा मे महिना ४५ चा. २०१३ मध्ये ४७.९ झालं होतं. (२०२४ मध्ये एका केंद्रानं ५६ दाखवलं ते सोडा, हवामान खात्यानं सेन्सरचा दोष म्हणून निकालात काढलं.) दुकान बंद झाल्यावर एसी बंद होतो, सर्व्हर चालूच. रात्रभर त्या बंद खोलीत काय होतं?


गांधीबाग होलसेल

एसी नाही तिथं, कूलर आहे. खिडकीत.


मिहानवाला

कूलर!


हिंगणा फॅब

कूलरवर हसू नका, अर्धं नागपूर त्यावर चालतं. पण सर्व्हरच्या तोंडावर तो नको. दमट हवा, त्यात गांधीबागेची धूळ, दोन्ही मिळून पंख्यावर आणि हीटसिंकवर गाळाचा थर बसवतात. पावसाळ्यात तर विचारूच नका. सर्व्हर समोरच्या ऑफिसमध्ये आणा, जिथं दिवसा एसी असतो आणि रात्री हवा खेळते. खोली बंदच ठेवायची असेल तर एक लहान एसी आणि एक्झॉस्ट लावा. यूपीएस त्याच खोलीत असेल तर तेही लक्षात घ्या. बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर मोजलेलं असतं, त्याच्या वर दर दहा अंशांना ते निम्म्यावर येतं असा ढोबळ हिशेब आहे. तीन वर्षांची बॅटरी आपल्याकडे दीड वर्षात का जाते, ते यात आलं. आणि यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडा, म्हणजे लाइट जास्त वेळ गेली तर तो स्वतःहून नीट बंद होईल. नव्वद टक्के दुकानांत ती केबल खोक्यातच पडून असते, हा माझा अंदाज.


बर्डीचा पोट्टा

लाइटचा विषय निघालाच तं बिलाचंही बोला. साठ वॅट धरा, चोवीस तास. महिन्याले त्रेचाळीस युनिट. दुकानाचा दर वेगळा, त्यात एसी जोडा. क्लाऊडवाला भाऊ एवढा चुकीचा नाही वाटून राहिला आता.


मिहानवाला

पोट्टा आमच्या पार्टीत आला, नोंद घ्या.


गांधीबाग होलसेल

एसी आमच्या लोकांसाठीही लागणारच आहे, तो सर्व्हरच्या माथी मारू नका. क्लाऊडचं जे मशीन सुचवलंय त्याचं भाडं तीन वर्षांचं जोडून पाहिलं, रिमोट डेस्कटॉपचे कॅल धरून. टॉवर, यूपीएस आणि वीजबिल मिळून होतं त्यापेक्षा ते जास्तच. वापर संध्याकाळपुरता असता तर रात्री मशीन बंद ठेवून भाडं वाचलं असतं, पण आमच्याकडे पहाटे गाड्या लागतात.

तेव्हा टॉवरच. पण भाव बदलून मागितलाय: इसेन्शियल्स, १६ जीबी ईसीसी, सर्व्हरच्या दोन एसएसडी मिररमध्ये, गिगाबिट स्विच, पाच वर्षांची वॉरंटी आणि पार्टबद्दलचं उत्तर ईमेलवर. सर्व्हर ऑफिसमध्ये हलवणार. बॅकअप रोज रात्री क्लाऊडवर, आणि दोन यूएसबी डिस्क आळीपाळीनं, एक कायम घरी.


डेटाबेसवाले काका

घरी न्यायची डिस्क दिवसभर जोडून ठेवू नका. रॅन्समवेअर जोडलेल्या डिस्कलाही कुलूप लावतं. आणि .एमडीएफ, म्हणजे डेटाबेसची मूळ फाइल, नुसती कॉपी करून बॅकअप होत नाही, चालू डेटाबेसची फाइल कॉपी होणार नाही किंवा अर्धवट होईल. एसक्यूएलचाच बॅकअप घ्या. एक्सप्रेसमध्ये त्याचं वेळापत्रक लावायची सोय नसते, विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून लावावं लागतं. लावणाऱ्यानं हे केलंय का, स्वतः बघा.


मिहानवाला

आणि तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर चढवून एक बिल उघडून दाखवा. तोवर माझा विरोध कायम.


गांधीबाग होलसेल

हे आधी जुन्याच मशीनच्या बॅकअपवर करून बघतो, रविवारी बाजार बंद असताना. पोट्ट्या, जुना सर्व्हर घेशील का? डिस्क मात्र मिळणार नाहीत, त्यावर पार्ट्यांचे हिशेब आहेत.


बर्डीचा पोट्टा

डिस्क नसल्या तरी चालते. कॅबिनेट आणि रॅमचा भाव लावून देतो भाऊ, सोमवारी येतो पाहाले.