कुत्रा नर आहे यापेक्षा त्याच्या आकाराचा विचार करा

बदली झालेल्या शेजाऱ्यांनी मागं सोडलेला तो ठेंगणा कुत्रा, दीडेक वर्षाचा, नर; घ्यावा का नाही, असं विचारलंत दादा. नर असण्याचा मुद्दा मला तरी फार मोठा वाटत नाही. जागोजागी तंगडी वर करणं, भादव्यात मादीच्या वासानं रात्र रात्र गायब होणं, हे खच्ची केलं की बरंच कमी होतं. सगळंच जाईल असं नाही.

खरी अडचण आकाराची. आमचं गाव ताडोब्याच्या बफरला, म्हणजे जंगलाभोवतीच्या पट्ट्याला, लागून. असंच एक पांढरं पोमेरेनियन आम्ही ठेवून घेतलं. पहिल्या उन्हाळ्यात ते दिवसभर रांजणाखालच्या ओल्या मातीत पोट टेकवून पडायचं. रात्री मात्र गुरांच्या कोठ्यात नाही, घरातच. बिबट्याला अंगणातलं एवढंसं कुत्रं म्हणजे आयता घास. तुमच्या आई रात्री त्याला घरात घ्यायला राजी आहेत का, ते आधी विचारा.

राजी असतील तर आणा बाप्पा, पण लगेच रेबीजची लस द्या. जुना कागद नसेल तर दिलीच नाही असं धरा. आणि कानामागं, बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा. आमच्याचे पहिल्याच दिवशी अडतीस निघाले, पोट्ट्यांनी मोजले.