लोक मागासलेले म्हणतात म्हणून नीती सैल करायची?

मोहरीचा_दाणा: काल इथे कुणीतरी लिहिलं, की ख्रिस्ती नीतीचे जुने आग्रह सोडले नाहीत तर तरुण लोक मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, टिकणार नाहीत, लोक आपल्याला मागासलेले समजतात. तेव्हापासून अस्वस्थ आहे. लोक काय म्हणतात हे आपलं मोजमाप कधीपासून झालं? बायबलमध्ये प्रेषित पौल गलतीकरांना पत्रात स्पष्ट लिहितो, माणसांना खूश करत बसलो असतो तर ख्रिस्ताचा दास राहिलो नसतो.

साठ्याच्या नोंदवहीत खोटा आकडा लिहायला मी नकार दिला होता. साहेबांनी टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. मी टोपण लावून ते वहीवर ठेवलं. बढती गेली. सहा महिने जेवायला माझ्याशेजारी कुणी बसलं नाही. आजही तेच करेन.

जुनी_वाचक: खोटा आकडा न लिहिणारे नास्तिकही असतात, माझे वडील होते. आणि कालची पोस्ट हिशोबाबद्दल नव्हती. घटस्फोट झालेल्यांशी मंडळी कशी वागते, याबद्दल होती. ती पूर्ण वाचलीत का?

रविवारचा_माणूस: सगळ्याची सुरुवात रविवार, म्हणजे उपासनेचा आणि विश्रांतीचा दिवस, मोडण्यापासून झाली. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती म्हणून ब्रिटनचा ख्रिस्ती धावपटू एरिक लिडेल धावला नाही. देशाची नाराजी पत्करली. मग 400 मीटरमध्ये 47.6 सेकंदांत सुवर्णपदक. आता आपली मुलं क्लाससाठी उपासना बुडवतात!

रात्रपाळी: मी परिचारिका आहे. रविवारी व्हेंटिलेटरवरच्या माणसाला सांगू का, सोमवारी येते? बायबलमधला मत्तयाचा 12वा अध्याय काढा. शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या, दिवशी येशूने वाळलेल्या हाताचा माणूस बरा केला, आणि चिडले ते परुशी, नियमांवर बोट ठेवणारे धर्मपुढारी.

रविवारचा_माणूस: मला परुशी म्हणता? चाळीस वर्षं एक उपासना चुकवली नाही मी. दयेचं काम वेगळं, हे मलाही कळतं.

रात्रपाळी: मग तसं आधी लिहायचं होतं. तुमचा तोच लिडेल पुढे चीनमध्ये जपान्यांच्या नजरकैदेच्या छावणीत होता, 1945 मध्ये तिथेच वारला. रविवारच्या खेळात मुलं मारामाऱ्या करू लागली, तेव्हा त्याने स्वतः पंच म्हणून उभं राहायचं ठरवलं. तिथल्या मुलांनी मोठेपणी हे सांगितलंय.

जुनी_वाचक: रविवार पुरे झाला. नवरा मारायचा म्हणून मी घर सोडलं. मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, घरी आले आणि म्हणाले, परत जा, लोक काय म्हणतील? शास्त्रातलं एक वचन कुणी काढलं नाही. पुढे उपासनेत माझं बाक रिकामं राहू लागलं, मी एका टोकाला आणि मधे गीतपुस्तकं. मोहरीचा_दाणा, तुम्ही ज्याला जग म्हणता ते मला प्रार्थनामंदिरातच भेटलं.

मोहरीचा_दाणा: कालची पोस्ट मी अर्धीच वाचली होती. तुमच्याशी झालं ते पाप होतं, त्याला नीती म्हणणार नाही. मंडळीची शाबासकी हीसुद्धा माणसांचीच शाबासकी, हे मान्य करावं लागतंय. पण म्हणून विवाहाबद्दल येशू जे बोलला ते सैल करा, हे मान्य नाही.

जुनी_वाचक: सैल करा असं मी म्हटलेलंच नाही. शेजारी येऊन बसा म्हटलं.

रविवारचा_माणूस: रात्रपाळीताई, दवाखान्याचं मान्य. क्लासचं मात्र एक अक्षर मागे घेत नाही.