डाउनलोडची खालची पट्टी कुठी गेली?

सेतूवाला_दारव्हा: भाऊ काल रात्री ब्राउजर अपडेट झालं अन् सकाळी पाहतो त सातबारा डाउनलोड केला का खाली जे पट्टी यायची तेच नाई, टॅब जाडे झाले, पीक विम्याची गर्दी, लोकं रांगेत उभे, मले वाटलं डाउनलोडच होऊन नाई रायलं म्हणून एकच उतारा तीनदा काढला, दर खेपेला १५ रुपये गेले. जुनं परत आणता येते का?

पऱ्हाटी_वणी: फाइल आता वर उजवीकडं बाणाच्या खुणेत रायते. कंट्रोल जे दाबा, पुरी लिस्ट उघडते, क्रोम असो का फायरफॉक्स.

संत्रा_वरुड: बारका लॅपटॉप असन त कंट्रोल शिफ्ट बी नं बुकमार्कची ओळ लपवा, फॉर्म भरताना एफ ११ दाबा, पान पुऱ्या स्क्रीनभर दिसते. फायरफॉक्सनं जून २०२१ मधे ८९ व्हर्जनात टॅब मोठे केले, कॉम्पॅक्ट मोड (टॅब बारीक करायची सोय) मेनूतून काढला, पण अबाउट कॉन्फिग म्हणजे फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंगच्या पानातून तो अजून चालू होते, मी तेच वापरतो.

सेतूवाला_दारव्हा: कंट्रोल जे नं काम झालं भाऊ, लय उपकार! पण बदलाच्या आधी सांगाले पायजे व्हतं, मायाजवळ शिकाले येते त्या पोरीले मोठ्या मुश्किलीनं सगळं पाठ झालं व्हतं, आता पुन्हा पयल्यापासून शिकवा लागते.