आशाताईच्या पिशवीत अ‍ॅस्पिरिन असावी की नाही?

काळी माती (यवतमाळ)
मागच्या वेचणीत बाबांच्या छातीत दुखायला लागलं. काट्याजवळ उभे होते, शेवटचं गाठोडं मोजून झालं आणि तिथंच खाली बसले. डिसेंबरची थंडी आणि सदरा घामानं पाठीला चिकटलेला. सगळे म्हणाले, गॅस आहे. ओवा झाला, सोडा झाला, काकूनं छाती चोळून दिली. दोन तास यातच गेले. मग एक पिकअप मिळाली. दवाखान्यात पोचलो तर ईसीजीच्या मशीनमधला कागद संपलेला! बाबा वाचले, पण हृदयाच्या स्नायूचा एक भाग मेला तो मेलाच. आता घरून विहिरीपर्यंत गेले तरी मध्ये दोनदा थांबतात.

तेव्हापासून मिळेल ते वाचतो आहे. माझी मागणी साधी आहे: प्रत्येक आशाताईकडे 325 मिलीग्रॅमच्या चार अ‍ॅस्पिरिन असाव्यात, आणि त्यातली एक कधी चावून खायला द्यायची याचं प्रशिक्षण तिला मिळावं.

हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा रक्तवाहिनीच्या आतला चरबीचा थर फुटतो आणि त्या जखमेवर प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, चिकटतात. चिकटलेल्या प्लेटलेट थ्रॉम्बॉक्सेन नावाचं रसायन सोडतात, त्यानं आणखी प्लेटलेट गोळा होतात आणि गाठ वाढत जाते. हे रसायन तयार करणारं एन्झाइमच अ‍ॅस्पिरिन निकामी करते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, म्हणून तिला नवं एन्झाइम बनवताच येत नाही. आठ-दहा दिवसांचं तिचं सारं आयुष्य तसंच जातं. अ‍ॅस्पिरिनचं हे काम जॉन वेन यांनी उलगडलं, 1982 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. 1988 मध्ये झटक्याच्या रुग्णांवर ही गोळी तपासणारी आयसिस-2 नावाची चाचणी प्रसिद्ध झाली, रुग्ण 17,187. पाच आठवड्यांत गोळी न मिळालेल्यांतले शंभरी जवळपास 12 दगावले, गोळी मिळालेल्यांतले 9 च्या थोडे वर. चहापेक्षा स्वस्त गोळी आहे ही. गावात का नको?

ग्रामीण रुग्णालयातला
तुमच्या बाबांचं वाचून वाईट वाटलं. तरी मी विरोधात आहे, आणि तुमच्याच चाचणीच्या आधारावर.

आयसिस-2 मधले सगळे रुग्ण दवाखान्यात भरती होते. अ‍ॅस्पिरिन त्यांना एकदा नाही, महिनाभर रोज दिली होती. आणि मुख्य गोष्ट अशी की गोळी लवकर सुरू केली काय, बारा तासांनी केली काय, तिच्या फायद्यात फारसा फरक पडला नाही. घड्याळाशी बांधलेलं होतं ते चाचणीतलं दुसरं औषध, सुईनं द्यायचं स्ट्रेप्टोकायनेज. ते रक्तातल्या प्लाझ्मिनोजेनला जागं करतं, त्याचं प्लाझ्मिन होतं आणि प्लाझ्मिन गाठीतले फायब्रिनचे धागे तोडतं. पहिल्या चार तासांत दिलं तर फायदा सगळ्यात जास्त, पुढे तो घटत जातो. दोन्ही औषधं मिळालेल्यांत मृत्यू शंभरी 13 वरून 8 वर आले.

म्हणजे गावात वाचवायचा तो वेळ. गोळी दिली की घरचे म्हणतील, औषध झालं, सकाळी पाहू. ही सकाळ मी फार वेळा पाहिली आहे.

बांधावरचा
डाक्टरसायेब, तुमची सुई तालुक्याले, आन् आमी 40 किलोमीटरवर. पावसाळ्यात नाल्याच्या पुलावरून पानी जाते तं बंडी बी निंगत नाही. तवा मानसानं काय करावं? नुस्तं पाह्यत बसावं? 108 ची गाडी येते, खोटं नाही बोलत, पन येईपर्यंत जीव टांगनीले असते. मह्या मोठ्या भावाले अशाच रात्री नेलं. आमच्या हातात देयाले पान्याशिवाय काई नोतं. गोळीनं तो वाचला असता असं मी मनत नाही. पन काईतरी बराबर केलं, एवढं तं मनाले असतं.

निवृत्त सिस्टर (गडचिरोली)
भाऊ, तुमचं दुःख समजते. पण "काहीतरी केलं" यासाठी गोळी द्यायची नसते.

आमच्या जिल्ह्यातल्या गावांमध्ये अभ्यास झाला, 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. दर सात मृत्यूंमागे एक पक्षाघातानं, आणि त्यातले बहुतेक घरीच. आता सांगा, तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, तेव्हा घरचे काय करतील? "हार्टवर दिली होती तीच द्या." मेंदूतली नळी बंद झाली की फुटली, हे सीटी स्कॅनशिवाय मोठ्या डॉक्टरलाही खात्रीनं सांगता येत नाही. फुटली असेल तर प्लेटलेट बंद पाडणारी गोळी म्हणजे रक्तस्राव थांबवायचा रस्ताच अडवला. पोटात अल्सर असेल, काळी शी होत असेल, तरी धोका आहेच.

छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात त्या सॉर्बिट्रेटच्या गोळीचंही असंच झालं होतं. शेजाऱ्याची उरलेली गोळी एका म्हाताऱ्या बाईला दिली. नळ्या सैल पडल्या, बीपी आधीच कमी होतं, बाई मोरीतच कोसळली. एकदा गोळी गावात आली की ती पिशवीत राहत नाही, घराघरात फिरते.

आशा, वर्धा जिल्हा
सगळे आमच्या पिशवीबद्दल बोलत आहेत म्हणून लिहिते. तिच्यात ओआरएस आहे, पॅरासिटामॉल आहे, लोहाच्या गोळ्या आहेत. एक गोळी वाढली तर ओझं होत नाही. प्रश्न जबाबदारीचा आहे. माणूस गेला तर लोक म्हणतील, आशानं गोळी दिली आणि गेला. गावात राहायचं मलाच आहे.

आणि एक. बायांना कधी कधी छातीत कळ येतच नाही. दम लागतो, जबडा दुखतो, उलटी होते, आणि म्हणते काय, तर "उपास होता, पित्त झालं". रांधून, सगळ्यांना वाढून मग झोपते. तुमच्या प्रशिक्षणात हे नसेल तर गोळ्या फक्त पुरुषांनाच मिळतील. फोनवर डॉक्टरनं सांगितलं आणि त्याची नोंद राहिली, तरच मी गोळी देईन.

काळी माती
सिस्टर, पक्षाघाताचा मुद्दा मी धरलाच नव्हता. चूक माझी. डॉक्टरसाहेब, गोळी महिनाभर रोज होती हे वाचलं होतं, पण तिचा फायदा घड्याळाशी बांधलेला नाही, याचा अर्थ तेव्हा लक्षात आला नाही.

तरी मागणी सोडत नाही, बदलतो. आधी 108 ला फोन. मग आशाताईचा डॉक्टरला फोन. त्यांनी विचारायचं: तोंड वाकडं आहे का, हातापायात जोर आहे का, काळी शी, रक्ताची उलटी, अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी? ते म्हणाले तरच गोळी, आणि तीही गाडीची वाट पाहताना. गाडी आली की एक मिनिट थांबायचं नाही.

ग्रामीण रुग्णालयातला
फोनवर मी असेन तर या क्रमाला माझी हरकत नाही. पण रात्री दोनला फोन उचलणारा डॉक्टर ठरवून नेमावा लागेल, नाहीतर हे सगळं कागदावर राहील. गोळीपेक्षा मी अजूनही ईसीजीसाठी जास्त भांडेन. मशीन चालू, कागद भरलेला आणि गाठ विरघळवणारं औषध फ्रीजमध्ये हजर, एवढं असतं तर तुमच्या बाबांच्या हृदयाचा तो भाग कदाचित वाचला असता.

बांधावरचा
मंग दोनी मागा नं. एकाच्या नावानं दुसरं काहून सोडता?

काळी माती
ग्रामसभेत दोन्ही ठराव मांडतो. पहिला ईसीजीच्या कागदाचा आणि सुईचा, दुसरा फोनवरच्या डॉक्टरचा आणि गोळीचा. आशाताई, दुसऱ्याचा मसुदा तुम्ही वाचून द्याल का? बायांच्या लक्षणांचं तुमच्याच शब्दांत हवं आहे.

आशा, वर्धा जिल्हा
पाठवा. लसीकरणाचा दिवस झाला की बसते.