मदत हवी आहे : मिनिआपोलिसच्या बागेतलं जांभळं कोनफ्लॉवर, पुढची थंडी आणि फुलातून निघालेले हिरवे तुरे

नमस्कार मंडळी,

मी मुलुंडची. बाल्कनीत आणि गच्चीवर जास्वंद, मोगरा, शेवंती, कढीपत्ता असं बरंच काही लावलेलं आहे त्यामुळे झाडांची सवय आहे, पण हा प्रश्न आपल्या मुंबईच्या हवेतला नाहीच. माझी लेक अमेरिकेत मिनिआपोलिसला असते, तिथे त्यांनी घर घेतलंय आणि मागे मोठं अंगण आहे. उन्हाळ्यात मी तिकडे होते तेव्हा आम्ही मायलेकींनी नर्सरीतून कोनफ्लॉवरची रोपं आणून लावली, म्हणजे तेच एकिनेशिया ज्याचा चहा आणि गोळ्या आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळतात. जांभळट गुलाबी पाकळ्या खाली झुकलेल्या आणि मधे तो केशरी काटेरी गोंडा. जुलैत फुलायला लागलं ते मी निघाले तरी चालूच होतं, आणि दिवसभर त्याच्यावर मधमाश्या, भुंगे आणि ती मोठी केशरी मोनार्क फुलपाखरं. मी तासन् तास तिथे बसायचे, खूप जीव लागलाय त्या वाफ्यात.

आता गणपतीसाठी मी परत आले आणि बाग लेकीवर आली, तिची नोकरी, तिला वेळ मिळणार शनिवार-रविवारी, म्हणून तिला नेमकं काय काय करायला सांगू ते विचारतेय. तिथे ऑक्टोबरात दहिवर पडून पानं करपतात आणि जानेवारीत कधी कधी उणे २५ वगैरे जातं, एवढ्या थंडीत यावर्षी लावलेली रोपं राहतील का? सगळं वाळल्यावर बुंध्याशी छाटायचं की तसंच ठेवायचं, वर गवत-पाला घालायचा का आणि कधी? दुसरं, गॅरेजच्या कडेला आधीच्या मालकांनी लावलेली जुनी कोनफ्लॉवर आहेत, तिथली माती चिकण आहे आणि पन्हळीचा पाइप नेमका तिथेच रिकामा होतो, शिवाय ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढतात तो त्याच वाफ्यावर पडतो. त्यातल्या एका झाडाचं आज व्हिडिओ कॉलवर बघितलं तर फुलाच्या गोंड्यातून हिरवे हिरवे तुरे निघालेत, जणू फुलाच्या डोक्यावर बारीक पानं उगवलीत. हे काय असतं? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, लेक खत घालू का विचारतेय, मी थांब म्हटलंय.

बर्फातून_पार्ल्यात
ताई, मी बरीच वर्षं कॅनडात विनिपेगला होतो, ते तर मिनिआपोलिसपेक्षाही गार, आणि माझ्या दारात हीच फुलं होती. थंडीची काळजी सोडा. हे मूळचं उत्तर अमेरिकेच्या मध्य आणि पूर्व भागातल्या गवताळ रानांतलं झाड, झोन ३ पर्यंत (तिकडे हिवाळ्याच्या थंडीनुसार पाडलेले पट्टे, आकडा लहान तितकी थंडी जास्त) म्हणजे उणे ३५ च्या खालीही मूळ जिवंत राहतं. वरचं सगळं मरतं, मे महिन्यात ठोंबातून नवे कोंब येतात, एप्रिलमध्ये काही दिसलं नाही म्हणून लेकीला उकरायला देऊ नका.

याला मारतं ते पाणी. मार्चमध्ये वरचा बर्फ वितळतो पण खालची जमीन अजून गोठलेली असते, पाणी मुरायला जागाच नाही, मग ठोंब चिखलात बसून सडतो. त्यामुळे सगळ्यात आधी तो पन्हळीचा पाइप. हार्डवेअरच्या दुकानात जोडपाइप मिळतो तो लावून पाणी वाफ्यापासून लांब सोडायचं, हे काम याच शनिवारी. ड्राइव्हवेवर मीठ टाकत असतील तर तो बर्फ वाफ्यावर अजिबात नको, बाकी नुसता स्वच्छ बर्फ पडला तर चांगलाच, त्याच्याखाली मुळं ऊबदार राहतात. जुनी झाडं उंच जागी हलवायची असतील तर आता नको, मेमध्ये.

यावर्षीच्या रोपांना धोका वेगळा आहे, जमीन गोठते-वितळते-गोठते त्यात कोवळं रोप मुळासकट वर ढकललं जातं. म्हणून आच्छादन घालायचं पण जमीन गोठल्यावर, नोव्हेंबरच्या शेवटी वगैरे, तीन-चार इंच पेंढा किंवा सुका पाला, थेट ठोंबावर ढीग करायचा नाही. जमीन गोठेपर्यंत पाऊस नसेल तर नव्या रोपांना पाणी द्यायचं. खत नको, तुम्ही थांबवलंत ते बरोबर, जास्त खताने दांडे लुळे पडतात.

आणि छाटू नका हो! त्या वाळलेल्या गोंड्यांवर गोल्डफिंच नावाचे छोटे पक्षी येऊन बिया टिपतात, हिवाळ्यात खिडकीतून बघायला तेवढंच काहीतरी असतं. वसंतात कोंब दिसले की मग कापा, तेही फूटभर दांडे ठेवून, त्या दांड्यांत रानटी मधमाश्या घर करतात.

शेतकऱ्याची_लेक
तुऱ्यांबद्दल लिहिते, कारण मला ते जास्त महत्त्वाचं वाटतंय. दोन शक्यता आहेत. एक माइट, डोळ्यांना न दिसणारी कोळ्यांच्या कुळातली कीड, त्यात फक्त गोंड्यावर तुरे येतात, पाकळ्यांचा रंग आणि पानं चांगली असतात, तेवढी फुलं कापून कचऱ्यात टाकली की पुरतं. दुसरी म्हणजे अॅस्टर यलोज. हा फायटोप्लाझ्माचा, म्हणजे झाडाच्या आत राहणाऱ्या एका अतिसूक्ष्म जिवाणूचा रोग, रस शोषणारे तुडतुडे तो पसरवतात. आमच्याकडे वांग्यावर पर्णगुच्छ येतो ना, बारीक बारीक पानांचा झुपका होतो आणि वांगी धरतच नाहीत, तोही फायटोप्लाझ्माचाच, तोही तुडतुड्यांमुळेच. तर काकू, लेकीला विचारा, पाकळ्या हिरव्या झाल्यात का, पानं पिवळी पडलीत का, झाड खुरटलंय का?

धागाकर्ती
दोघांनाही मनापासून थँक्यू! लेकीने टॉर्च लावून फोटो काढून पाठवले. पाकळ्या हिरवट आणि आखूड, पानं पिवळी, झाड शेजारच्यांपेक्षा बुटकं. म्हणजे तो दुसराच रोग ना? जुनं झाड आहे, खूप वाईट वाटतंय, काही फवारून वाचेल का? आणि त्याच्या बाजूलाच आम्ही दसऱ्याच्या तोरणासाठी झेंडू लावलाय, त्याला लागेल का?

शेतकऱ्याची_लेक
हो काकू, वर्णन अॅस्टर यलोजचंच आहे. याच्यावर औषध नाही, कितीही फवारलं तरी. वरचं छाटून भागत नाही कारण रोग मुळातही असतो, थंडीत तो मरत नाही, पुढच्या वर्षी तेच झाड आजारीच उगवेल आणि तुडतुडे त्याच्यावरून बाकीच्यांवर नेतील. मुळासकट उपटायला सांगा. एक दिलासा आहे, हा मातीत राहत नाही, झाड मेलं की संपला, त्यामुळे माती बदलायची गरज नाही. आसपासचं तणही काढा, डँडेलियनवर वगैरे लपतो. झेंडूलाही होऊ शकतो, फुलं हिरवी-वेडीवाकडी दिसली तर तेवढी झाडं काढा, चांगली असतील तर तोरणाला खुशाल वापरा, माणसाला याचं काही नाही.

धागाकर्ती
ठीक आहे, काढायला सांगते, बाकीची वाचायला हवीत. शेवटचा प्रश्न, निरोगी झाडाच्या बिया लेकीने येताना आणल्या तर मुलुंडला येतील का?

बर्फातून_पार्ल्यात
बिया सामानातून आणू नका, भारतात बियाणं आणायला परवाना आणि तिकडचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे बियाणं रोग-किडीपासून मुक्त असल्याचा सरकारी दाखला लागतो. आणि मुंबईत हिवाळ्याची झोप मिळत नाही, वर दोन हजार मिलिमीटर पाऊस, मी कुंडीत करून बघितलं, पावसाळ्यात गेलं. त्यापेक्षा त्या बिया तिथेच वापरा. उपटलेल्या झाडाच्या मोकळ्या जागेत नाही, तिथे पाणी साचतं, मागच्या उन्हाच्या वाफ्यात. नोव्हेंबरमध्ये मातीवर पसरून हलकं दाबायचं, त्यांना रुजायच्या आधी ओली थंडी लागते ती तिथला हिवाळाच देतो. घरात करायचं तर ओल्या वाळूत घालून दीड-दोन महिने फ्रिजमध्ये. मॅग्नससारखी जुनी जात असेल तर रोपं बरीचशी आईसारखी येतात, ते पिवळे-नारिंगी नवे संकर असतील तर काय येईल सांगता येत नाही. पहिल्या वर्षी बहुतेक नुसती खरखरीत पानंच दिसतील, तुम्ही पुढच्या उन्हाळ्यात जाल तेव्हा तण समजून कोणी उपटू नये म्हणून शेजारी काड्या रोवून ठेवायला सांगा.